लडाखमधला गायब झालेला समुद्र: कोट्यवधी वर्षांपूर्वी काय घडलं, हे दगड कसं सांगतात?

लेहहून खारदुंग लाकडे गाडी चढायला लागली की दोन्ही बाजूंना करड्या-पांढुरक्या रंगाचे डोंगर दिसू लागतात. पुण्या-मुंबईहून गेलेले बायकर्स इथे थांबतात, फोटो काढतात, रील बनवतात. त्या फोटोंमध्ये मागे जो खडक दिसतो तो आहे ग्रॅनाइट. आणि हा ग्रॅनाइट तयार व्हावा म्हणून एका अख्ख्या समुद्राचा तळ जमिनीखाली गेला होता.

त्या समुद्राचं नाव टेथिस. एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला आशिया आणि मध्ये हजारो किलोमीटर पसरलेलं पाणी. आज यातलं काहीच शिल्लक नाही. पाणी नाही, किनारा नाही आणि समुद्राचा तळही जवळपास सगळाच्या सगळा पृथ्वीच्या पोटात गेलाय.

मग तो समुद्र होता हे कळलं कसं? याचं अर्धं उत्तर अनेक मराठी घरांच्या देव्हाऱ्यात सापडतं. नेपाळमधल्या काली गंडकी नदीत मिळणारे शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या सागरी जीवांचे जीवाश्म. हिमालयात समुद्री जीव सापडतात, म्हणजे तिथे कधीकाळी समुद्र होता, हे उघड आहे.

पण शाळिग्राम पुढची गोष्ट सांगत नाही. तो समुद्र बंद कसा झाला? त्याचा तळ कोणाच्या खाली गेला? भारत आशियाला नेमका कधी धडकला? या प्रश्नांची उत्तरं जीवाश्मांपेक्षा खडकांच्या रसायनात आणि त्यांच्या वयात जास्त सापडतात. ती शोधण्याची पद्धत एखाद्या तपासकथेसारखी आहे.

काळा दगड सगळीकडे काळाच, मग फरक कसा ओळखायचा?

सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. समुद्राचा तळही बेसॉल्टचाच असतो. जपान किंवा इंडोनेशियातल्या ज्वालामुखींमधूनही बेसॉल्ट बाहेर पडतो. कारगिलजवळच्या द्रासमध्येही बेसॉल्टी लाव्ह्याचे जुने थर आहेत. तिघा-चौघांचे तुकडे शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणं तज्ज्ञांनाही अवघड जातं. मुख्य घटकही सारखेच, म्हणजे साधारण निम्मी सिलिका आणि बाकी ॲल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे.

खरा फरक असतो तो अत्यल्प प्रमाणात असलेल्या मूलद्रव्यांमध्ये. निओबियम, बेरियम, रुबिडियम, झिर्कोनियम, इट्रियम अशी ही मंडळी. दहा लाख भागांत यांचे काही मोजके भाग असतात. पण हा खडक पृथ्वीच्या कुठल्या ‘स्वयंपाकघरात’ शिजला, याची चुगली हीच मूलद्रव्यं करतात.

अशी तीन मुख्य स्वयंपाकघरं आहेत. ती समजायला चहाचं उदाहरण सोपं पडेल.

पहिलं स्वयंपाकघर समुद्राच्या मधोमध असतं. तिथे दोन प्लेट एकमेकींपासून दूर सरकतात आणि खालचं प्रावरण थोडंसं वितळून वर येतं. या प्रावरणातून आधीच एकदा बराचसा ‘अर्क’ निघून गेलेला असतो, कारण खंडांचं कवच त्यातूनच बनलेलं आहे. त्यामुळे इथला बेसॉल्ट म्हणजे त्याच पावडरीचा दुसऱ्यांदा उकळलेला चहा. रुबिडियम, बेरियम, निओबियम सगळंच त्यात पातळ असतं.

दुसरं स्वयंपाकघर, जिथे एक प्लेट दुसरीच्या खाली जाते. समुद्राचा तळ खाली जाताना स्वतःबरोबर पाणीही नेतो. काही खनिजांमध्ये अडकलेलं हे पाणी खोलवर गेल्यावर सुटतं आणि वरच्या प्रावरणात शिरतं. पाणी शिरलं की प्रावरण कमी तापमानालाही वितळतं आणि वर ज्वालामुखींची रांग उभी राहते. आता हे पाणी चहासारखं वागतं. पावडरीतला रंग आणि स्वाद पाण्याबरोबर जातो, चोथा गाळणीत राहतो. बेरियम, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम ही पाण्याबरोबर जाणारी मूलद्रव्यं, तर निओबियम आणि टँटलम चोथ्यात राहणारी. म्हणून या ज्वालामुखींच्या खडकात बेरियम भरपूर, पण निओबियम मात्र आश्चर्य वाटावं इतकं कमी असतं. ‘इथे एक प्लेट खाली गेली होती’ याची ही सर्वांत ओळखीची सही.

तिसरं स्वयंपाकघर प्लेटच्या मध्येच असतं. खोलवरून गरम प्रावरणाचा झोत वर येतो आणि प्लेटला खालून तापवतो. हवाई बेटं अशीच बनली. या लाव्ह्यात निओबियमची टंचाई नसते, उलट ते बऱ्यापैकी असतं.

१९७३ साली पिअर्स आणि कॅन या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी ही कल्पना आलेखात बसवली. जगभरातल्या, ज्यांचा जन्म कुठे झाला हे ठाऊक आहे अशा ताज्या बेसॉल्टमधलं टायटॅनियम, झिर्कोनियम आणि इट्रियम मोजून त्यांनी त्रिकोणी आलेखावर बिंदू मांडले. वेगवेगळ्या स्वयंपाकघरातले बिंदू वेगवेगळ्या जागी गोळा झाले. मग अज्ञात जन्माचा जुना खडक घ्यायचा, त्याचा बिंदू मांडायचा आणि तो कोणाच्या घरात पडतो ते बघायचं. अशा आलेखांचा भूशास्त्रात अक्षरशः सुळसुळाट झाला.

ग्रॅनाइटची कुंडली

बेसॉल्ट प्रावरणातून येतो. ग्रॅनाइटचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे. तो खोलवरच्या शिलारसातून हळूहळू घडत तयार होऊ शकतो, किंवा खंडाचं जुनं कवचच वितळून बनू शकतो. १९७४ साली ऑस्ट्रेलियातल्या चॅपल आणि व्हाइट यांनी ग्रॅनाइटचे दोन मोठे गट सांगितले. एक अग्निजन्य खडकांपासून जन्मलेला आणि दुसरा जुन्या गाळाच्या खडकांपासून जन्मलेला. पुढे १९८४ साली पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅनाइटसाठीही रुबिडियम, इट्रियम आणि निओबियमवर आधारलेले आलेख दिले.

दोन ग्रॅनाइटमधला फरक ओळखायची आणखी एक पक्की खूण आहे, स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं गुणोत्तर. इथे बँकेतल्या ठेवीचं उदाहरण घेता येईल. रुबिडियम-८७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलतं. खंडांच्या कवचात रुबिडियम जास्त असतं, म्हणजे मुद्दल मोठं. कवच जितकं जुनं, तितकं स्ट्रॉन्शियम-८७ चं व्याज जास्त साठतं. प्रावरणात रुबिडियम कमी, म्हणून व्याजही कमी.

त्यामुळे थेट प्रावरणातून आलेल्या शिलारसात स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ चं गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास असतं. जुनं कवच वितळून बनलेल्या ग्रॅनाइटमध्ये ते ०.७४ किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. आकड्यांतला फरक दिसायला छोटा आहे, पण आजची उपकरणं याहून कितीतरी बारीक फरक आरामात मोजतात.

मिठाच्या कणाहून लहान घड्याळ

‘कुठे’ कळलं, आता प्रश्न ‘कधी’चा. इथे कामाला येतो तो झिर्कॉन. बहुतेक ग्रॅनाइटमध्ये या खनिजाचे बारीक स्फटिक असतात. आकार साधारण मिलिमीटरचा दहावा हिस्सा.

स्फटिक तयार होताना झिर्कॉन युरेनियमला आत घेतो, पण शिशाला जवळजवळ घेतच नाही. युरेनियम मात्र काळाबरोबर शिशात बदलत जातं. म्हणजे आज झिर्कॉनमध्ये जे शिसं सापडतं, ते बहुतेक सगळं नंतर तयार झालेलं. युरेनियम किती उरलं आणि शिसं किती झालं हे मोजलं की स्फटिकाचं वय निघतं.

यातली खरी गंमत अशी की एकाच कणात दोन घड्याळं चालू असतात. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी वर्षं. दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत असतील तर वयावर भरवसा ठेवता येतो. वेगळी वेळ दाखवत असतील तर मधे काहीतरी बिघडलंय, शिसं गळालंय किंवा जुना-नवा भाग मिसळलाय, हे लगेच कळतं. शिवाय झिर्कॉन इतका चिवट असतो की ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला तरी आतलं शिसं सहसा बाहेर पडत नाही.

प्रत्यक्ष काम मात्र किचकट असतं. काही किलो खडक दळायचा, मग सुपात पाखडावं तसं जड खनिज हलक्यापासून वेगळं करायचं, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण वेचायचा, तो घासून आतला भाग उघडा करायचा. खास प्रकाशात त्याचा फोटो काढला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. मग ठरावीक वलयावर केसाच्या जाडीहून बारीक लेझर मारायचा आणि उडालेल्या धुळीतले अणू मोजायचे.

ही वलयं महत्त्वाची असतात. कधीकधी गाभा १०० कोटी वर्षांचा आणि बाहेरची कड २ कोटी वर्षांची निघते. गाभा सांगतो मूळ माल किती जुना होता, कड सांगते तो शेवटचा कधी वितळला. दोन्हींची सरासरी काढली तर जे वय येईल ते कशाचंच नसेल.

आता लडाख वाचून बघू

हातात ही दोन हत्यारं घेऊन लडाखकडे बघितलं की तुकडे जुळायला लागतात.

पूर्व लडाखमध्ये निडारच्या परिसरात समुद्राच्या तळाचे आणि त्याखालच्या प्रावरणाचे तुकडे चक्क डोंगरात अडकलेले आहेत. समुद्र बंद होताना त्याचा जवळपास सगळा तळ खाली गेला, पण काही लचके वर राहून गेले. सिंधू नदीच्या पट्ट्यात असे अवशेष सापडतात, म्हणून या पट्ट्याला भारत आणि आशिया यांच्यामधला शिवणीचा टाका मानतात.

द्रासचे ज्वालामुखी खडक क्रिटेशियस काळातले, म्हणजे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यानचे. त्यांच्या रसायनात निओबियमच्या टंचाईची तीच ओळखीची सही आहे. म्हणजे टेथिस समुद्रात आजच्या इंडोनेशियासारखी ज्वालामुखी बेटांची एक माळ होती आणि तिच्याखाली समुद्रतळ जात होता.

लेह ते खारदुंग लाचा ग्रॅनाइट म्हणजे त्याच ज्वालामुखींच्या पोटात गोठलेला शिलारस. त्याचं स्ट्रॉन्शियम गुणोत्तर बरंचसं ०.७०४ ते ०.७०६ च्या आसपास, म्हणजे मूळ माल मुख्यतः प्रावरणातला. इथल्या झिर्कॉनची बहुतेक वयं साधारण ७ ते ४.५ कोटी वर्षांच्या दरम्यान येतात. त्यानंतर हा कारखाना थंडावला. कारण सरळ आहे. खाली जायला समुद्रतळच उरला नाही, तर पाणी कुठून येणार आणि शिलारस कसा बनणार?

त्सो मोरिरी तलावाच्या परिसरातला पुरावा तर थक्क करणारा आहे. तिथल्या खडकात कोएसाइट सापडला. हा क्वार्ट्झचाच, पण प्रचंड दाबाखाली बनणारा भाऊ. तो बनायला खडक साधारण ९० ते १०० किलोमीटर खोल जावा लागतो. आणि हे खडक समुद्राच्या तळाचे नसून भारताच्या खंडीय कवचाचे आहेत. म्हणजे समुद्र संपल्यावर भारताची कडाही त्याच मार्गाने खाली ओढली गेली आणि पुन्हा वर आली. या घटनेची वयं ५ कोटी वर्षांच्या आसपास येतात.

शेवटचा तुकडा लडाखच्या बाहेर, गंगोत्रीत आहे. शिवलिंग आणि भागीरथी शिखरांचा फिकट ग्रॅनाइट सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचं स्ट्रॉन्शियम गुणोत्तर खूप जास्त आणि त्याच्या झिर्कॉनमध्ये जुने गाभे. म्हणजे इथे प्रावरणाचा संबंध नाही. टक्कर झाल्यावर कवच जाड होत गेलं, आतून तापलं आणि जुना गाळाचा खडकच वितळला.

थोडक्यात, आधी समुद्रातली बेटं, मग मोठी ज्वालामुखी रांग, मग टक्कर आणि शेवटी टकरीच्या उष्णतेत वितळलेलं कवच. चार प्रकरणं, चारही वेगवेगळ्या रसायनांनी लिहिलेली आणि त्यांच्यावर तारखाही आहेत.

पण टक्कर एकदाच झाली की दोनदा?

इथे मात्र शास्त्रज्ञांमध्ये खरा वाद आहे. पाठ्यपुस्तकात सहसा एकच वाक्य असतं: भारत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. प्रश्न असा की धडकला कोणाला?

लडाखची ज्वालामुखी माळ दोन शिवणींच्या मध्ये आहे. दक्षिणेला सिंधूची, उत्तरेला श्योकची. एका गटाच्या मते श्योकची शिवण ८ कोटी वर्षांपूर्वीच बंद झाली होती, म्हणजे लडाख तेव्हाच आशियाला चिकटलं होतं. तसं असेल तर ५ कोटी वर्षांपूर्वी भारत लडाखला धडकला याचा अर्थ तो आशियालाच धडकला.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेगळं चित्र मांडलं. संशोधकांनी कोहिस्तान-लडाख पट्ट्यातल्या ग्रॅनाइटची वयं आणि समस्थानिकं एकत्र ठेवली. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच्या शिलारसात मुख्यतः प्रावरणाची खूण होती. त्यानंतर दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटमध्ये भारतीय कवचाची भेसळ दिसू लागली. आशियाची खूण मात्र सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी उमटली. त्यांचा निष्कर्ष असा की भारत आधी बेटांच्या माळेला धडकला आणि ही सगळी जोडगोळी आणखी १ कोटी वर्षांनी आशियाला जाऊन भिडली.

२०२० साली या चित्राला दुसऱ्या बाजूने बळ मिळालं. लडाखमधल्या ज्वालामुखी खडकात गोठलेल्या चुंबकत्वावरून ६.६ ते ६.२ कोटी वर्षांपूर्वी ही माळ सुमारे ८ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताजवळ होती असं दिसलं. आशियाचा तेव्हाचा किनारा याहून बराच उत्तरेला होता. तरीही श्योक शिवणीजवळच्या खडकांच्या वयावरून जुना विचार मांडणारे गप्प बसलेले नाहीत.

या वादाने काय फरक पडतो? ५ कोटी वर्षांपासून भारत हजारो किलोमीटर उत्तरेला सरकला आहे. पण हिमालय आणि तिबेटमध्ये जमीन जेवढी चुरगळलेली दिसते, ती या अंतराच्या मानाने कमी पडते. मग बाकीचं अंतर गेलं कुठे? मध्ये आणखी एक समुद्र होता आणि त्याचा तळ खाली गेला, असं मानलं तर हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो. हिमालय आणि तिबेट इतके उंच कधी झाले, हा प्रश्नही या तारखांशी जोडलेला आहे.

शितावरून भाताची परीक्षा, पण कुठलं शीत?

या पद्धतीची मर्यादा समजायला लडाखला जायची गरज नाही. आपला सह्याद्री पुरेसा आहे.

लडाखखाली ज्वालामुखींचा कारखाना चालू होता त्याच सुमारास, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, महाराष्ट्रात दख्खनचा लाव्हा वाहत होता. या लाव्ह्याच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी दिलेली नावं ओळखीची आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. सगळा लाव्हा प्लेटच्या मध्यभागी बाहेर पडलेला. इथे खाली जाणारी प्लेट नव्हती.

तरीही बुशे थराचा नमुना तपासला तर स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर ०.७१३ च्या पुढे जातं आणि निओबियमही तुलनेने कमी दिसतं. नुसता आलेख बघितला तर तो खाली जाणाऱ्या प्लेटकडे बोट दाखवू शकतो. खरं कारण वेगळं आहे. हा लाव्हा वर येताना भारताच्या जुन्या कवचातून गेला आणि जाताना त्यातलं थोडं वितळवून पोटात घेतलं. आंबेनळीच्या थरात ही भेसळ जवळपास नाही, म्हणून त्याचं गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास आहे.

म्हणजे शितावरून भाताची परीक्षा होते, पण एकाच शितावरून नाही. म्हणूनच आज कोणी एकच आलेख मांडून निकाल जाहीर केला, तर इतर भूशास्त्रज्ञ लगेच विचारतात: किती नमुने? समस्थानिकं काय सांगतात? वय काय? आणि मुख्य म्हणजे, खडक जमिनीत नेमका कुठे आणि कोणाच्या शेजारी आहे?

दख्खनचं वय काढतानाही अशीच युक्ती लागली. बेसॉल्टमध्ये झिर्कॉन सहसा मिळत नाही. पण घाटात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये जे लाल पट्टे दिसतात, त्यांत दुसरीकडून उडत आलेल्या ज्वालामुखी राखेतले झिर्कॉन सापडले. त्यांच्यावरून २०१५ साली निष्कर्ष निघाला की मुख्य उद्रेक डायनासोर नष्ट होण्याच्या सुमारे २.५ लाख वर्षं आधी सुरू झाला होता. डायनासोरांच्या अंतात दख्खनचा वाटा किती, हा वाद अजून संपलेला नाही, पण तो आता बऱ्याच बारकाईने घालता येतो.

याचा आज काय उपयोग?

तांबं हे याचं रोखठोक उत्तर. वीज, मोटारी, मोबाइल, सगळ्याला तांबं लागतं. जगातल्या तांब्याच्या मोठ्या साठ्यांपैकी अनेक साठे खाली जाणाऱ्या प्लेटच्या वरच्या ज्वालामुखी रांगांमध्ये आहेत. चिलीतल्या प्रचंड खाणी त्यातल्याच, बलुचिस्तानातला रेको डिकचा साठाही तसाच. एखाद्या भागातला खडक कुठल्या स्वयंपाकघरात शिजला हे कळलं, की तिथे तांबं शोधण्यात अर्थ आहे की नाही, याचा अंदाज बांधता येतो. क्रोमाइट हवं असेल तर नजर डोंगरात अडकलेल्या प्रावरणाच्या तुकड्यांकडे जाते. कोट्यवधी रुपये खर्चून भोकं पाडण्याआधी ही माहिती हाताशी असणं मोलाचं.

टेथिस समुद्र परत दिसणार नाही. पण त्याचा तळ खाली जाताना त्यातून सुटलेलं पाणी, त्या पाण्याने वर नेलेलं बेरियम आणि मागे राहिलेलं निओबियम, याचा हिशोब लेहच्या ग्रॅनाइटमध्ये आजही तसाच लिहून ठेवलेला आहे. आणि तो हिशोब कधीचा, हे सांगणारे झिर्कॉनचे कण रस्त्याकडेच्या कुठल्याही धोंड्यात सापडू शकतात.